क्लोराइड : आहे

गॅरेजवाल्या भोईरने बोनेटखाली नुसतं वाकून पाहिलं
आणि म्हणाला, हेड गॅस्केट गेलं मॅडम,
अठरा हजार धरून चाला.
मी म्हटलं, धरते. पण आधी बघते.

एकवीस वर्षं रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात
प्रयोगशाळेत उभी राहिले आहे मी.
कुणी नुसतं बघून सांगितलेलं
आमच्या वहीत चढत नसे.

पहाटे, इंजिन रात्रभर निवल्यावर,
नेरूळच्या आमच्या बिल्डिंगखाली
फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं.
हिरवं असायला हवं होतं,
निघालं विटेचा चुरा कालवलेल्या चहासारखं.
सलाइनच्या नळीने लोणच्याच्या बरणीत घेतलं, वर चिठ्ठी :
झेन, नव्व्याण्णवची. नमुना एक. सहा दहा.
खाली सही. हाताला सवय आहे.
वॉचमन म्हणाला, सरबत?
म्हटलं, गोडच लागतं. आणि मारतं.

दुपारपर्यंत बरणीला धक्का लावला नाही.
तेल असतं तर वर आलं असतं.
एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला,
भज्यांच्या कागदासारखा डाग पडतो का पाहिलं;
वाळला, तांबूस कडा राहिली, बस.
ऑइलची डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली :
काळी, प्रामाणिक, सायीचा मागमूस नाही.
झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं :
दोनचार बुडबुडे, मग गप्प.
गॅस्केट निर्दोष सुटलं.

मग एवढा गंज, एवढ्या लवकर?
गणपतीतच तर मी कूलंट बदललेलं.

माळ्यावरच्या डब्यात एक तपकिरी बाटली आहे,
कारखाना बंद झाला त्या दिवशी पर्समधून आणलेली.
सिल्व्हर नायट्रेट. चोरी म्हणा.
नमुना गाळला, अ‍ॅसिडचे दोन थेंब,
मग नायट्रेटचा एक.
शेजारच्या वाटीत तुलनेला आमच्या नळाचं पाणी.
नळाचं : जरासं धुकं.
गाडीचं : दही.

मीठ.
महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीत
खाडी शिरली होती.

वाटी उजेडाला धरून मी उभी,
आणि आप्पा जेवत होते.
सासरे. एक्याऐंशी. मोतीबिंदू झाल्यापासून
किल्ली मी पितळी डब्यात लपवते.
ताटात जिताडा होता.
महिनाभर घरात येत होते ते मासे बाजारातले नव्हते;
कल्ले लालभडक, डोळे अजून बघणारे.
बसने जातो, म्हणायचे.
सदरा धुताना खिशात तिकीट मात्र
एकदाही भिजलं नाही.

काही विचारलं नाही.
चिठ्ठीवर लिहिलं :
तेल : नाही. वायू : नाही. क्लोराइड : आहे.
बरणी त्यांच्या तांब्याशेजारी ठेवली.

त्यांनी काटा काढून ताटाच्या कडेला लावला.
चश्मा पुसला. वाचलं.
तीन ओळींना लागतो त्यापेक्षा बराच वेळ.
मग म्हणाले,
दिवाळ्याच्या विहिरीचं पाणी मचूळच आहे गं.
काटा लालवर गेला होता,
नागूबाईने कळशी आणून दिली,
नाही कसं म्हणायचं?
किती वेळा?
तीन.

संध्याकाळी खालच्या होजचा सैल क्लिप आवळला,
पाणी जायचं ते तिथून.
रेडिएटर पाचदा धुतला.
आधी विटा, मग चहा, मग नुसता चहाचा वास.
आप्पा बादली धरून होते,
हात थरथरत होते, पण सांडलं काही नाही.
नमुना दोन. सही त्यांची घेतली.

डिकीत बॅटरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन ठेवायला गेले
तर तिथे जागाच नव्हती :
जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, आडवी,
तळाशी खाडीचं बोटभर पाणी,
एक तांब्याची कळशी.

रविवारी सहाला, मी म्हटलं. चालवणार मी.
परत द्यायला हवी, आप्पा म्हणाले,
तिची एकच आहे.